नदीच्या तळातले जीव आणि नदीची तब्येत

नदीच्या तळाशी दगडांना चिकटून, वाळूत-गाळात शिरून, काठच्या बुडालेल्या मुळ्या धरून असंख्य लहान प्राणी राहतात. त्यांना पाठीचा कणा नसतो आणि बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे मोठे असतात. चतुर, टाचणी, मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्ले, पाणभुंगे, गोगलगाई, शिंपले, जळवा, खेकडे, झिंगे आणि गांडुळाचे पाण्यातले भाऊबंद असा हा गोतावळा आहे. शास्त्रज्ञ त्यांना स्थूल अपृष्ठवंशी म्हणतात. एखाद्या पट्ट्यात यांतले कोण राहते, किती राहते आणि कोण असायला हवे होते पण नाही, यावरून नदीची तब्येत ठरवण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. युरोपात ती कायद्यात आली आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणीविषयक निर्देशानुसार नदीचा परिसंस्थीय दर्जा ठरवताना तळातल्या अपृष्ठवंशींचा विचार करावाच लागतो. भारतातही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यासाठी निकष तयार केले आहेत. तरी नदी प्रदूषित आहे की नाही, याचा सरकारी निवाडा अजून बाटलीतल्या पाण्यावरच होतो.

बाटलीत येते ते फक्त नमुना घेतला त्या घडीचे पाणी. एखाद्या कारखान्याने मध्यरात्री सोडलेले पाणी सकाळच्या नमुन्यात सापडत नाही, कारण तोवर ते खाली निघून गेलेले असते. मासा धोका ओळखून पोहत दूर जाऊ शकतो. दगडाला चिकटलेल्या किड्याला ती सोय नाही. तो आठवडे, महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षे त्याच चार हात जागेत वाढतो आणि त्या काळात वरून आलेले सगळे सोसतो किंवा मरतो. शिंपले तर त्याहून कितीतरी जास्त जगतात. त्यामुळे वेगवेगळ्या जीवांच्या असण्या-नसण्यात वेगवेगळ्या मुदतीची नोंद साठलेली असते. पाण्याची रासायनिक तपासणी त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. पाण्यात काय आहे हे रसायनशास्त्र सांगते, आणि जे होते त्याने काय केले हे जीव सांगतात.

रासायनिक बाजूचा मुख्य आकडा म्हणजे बीओडी, अर्थात पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात याचे माप. ब्रिटनमध्ये १८९८ साली मैलापाण्याच्या प्रश्नावर राजआयोग नेमला गेला आणि १९१२च्या त्याच्या आठव्या अहवालाने या मापाला प्रतिष्ठा दिली. दर लिटरला १ मिलिग्रॅम बीओडी म्हणजे फार स्वच्छ नदी, ३ म्हणजे बरी, ५ म्हणजे शंकास्पद आणि १० म्हणजे वाईट, अशी ती प्रतवारी होती. चाचणी पाच दिवसांची होती. तेवढ्या दिवसांत ब्रिटनमधल्या नद्यांचे पाणी समुद्राला मिळते, असे त्याचे कारण सांगितले जाते. उष्ण हवामानामुळे भारतात आता ती २७ अंश सेल्सियसला तीन दिवसांत केली जाते. आंघोळीयोग्य पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा ३ मिलिग्रॅमची आहे आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो.

प्राणवायूच्या बाबतीत गरम देशातली नदी मुळातच तोट्यात असते. २० अंशांचे पाणी दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते, तर ३० अंशांचे जेमतेम ७.५. वैशाखातल्या संथ डोहात नाल्याचे पाणी मिसळले की ही पुंजी झपाट्याने संपते. कोण जगणार आणि कोण जाणार, हे मग ज्याच्या त्याच्या श्वसनाच्या साधनांवर ठरते.

मेफ्लायच्या पिल्लाच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पानासारखे किंवा पिसासारखे नाजूक कल्ले असतात आणि मागे बहुधा तीन लांब शेपट्या. हेप्टाजेनिडी या कुळातली पिल्ले इतकी चपटी असतात की खळाळत्या पाण्यातही दगडाला चिकटून बसतात. पाणी सतत कल्ल्यांवरून वाहत राहिले तरच त्यांचे भागते. यांच्या प्रौढांचे आयुष्य तासांत किंवा फार तर थोड्या दिवसांत मोजायचे, आणि त्यांना खाण्याजोगे तोंडही नसते. खरे जगणे होते ते पाण्यातच. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोनच शेपट्या असतात, आणि पर्लिडी कुळात कल्ल्यांचे झुपके पायांच्या मुळाशी असतात. प्राणवायू कमी पडू लागला की हे पिल्लू सहा पायांवर अंग वरखाली करू लागते. तालमीत जोर काढावेत तसा हा प्रकार दिसतो आणि त्यामुळे कल्ल्यांवरून थोडे जास्त पाणी फिरते. कॅडिसफ्लायच्या अळ्या रेशमासारख्या धाग्याने वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे जोडून अंगाभोवती नळी बांधतात. त्यांतले हायड्रोसायकिडी कुळ अशी नळी न बांधता दगडांच्या फटीत जाळे विणते आणि वाहून येणारे अन्नकण त्यात धरते. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तीन गटांतले किती प्रकार सापडले, एवढी गणतीदेखील जगभर नदीच्या आरोग्याची पहिली चाचणी म्हणून वापरली जाते.

दुसऱ्या टोकाला कायरोनोमिडी कुळातल्या बिनचाव्या माश्यांच्या अळ्या आहेत. त्यांतल्या काहींच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते, म्हणून त्या लालभडक दिसतात आणि जवळपास प्राणवायू नसलेल्या गाळातही तग धरतात. ट्युबिफेक्स हे लाल बारीक कृमी डोके गाळात खुपसून शेपूट पाण्यात हलवत ठेवतात. प्राणवायू जितका कमी, तितके शेपूट बाहेर जास्त निघते. एरिस्टॅलिस माशीची अळी तर लांबवता येणारी श्वासनळी थेट पाण्याबाहेर काढते. हवेत श्वास घेणाऱ्या फायसा आणि लिम्निया या गोगलगाई, डासाच्या अळ्या, पृष्ठभागावर धावणाऱ्या पाणनिवळ्या यांचाही विरघळलेल्या प्राणवायूशी फारसा संबंध नसतो. नमुन्यात अशांचीच गर्दी असेल तर ती गर्दी कितीही जिवंत दिसो, नदीची अवस्था वाईट असते. ‘पाण्यात किडे आहेत म्हणजे पाणी खराब’ ही समजूत जितकी चुकीची, तितकीच ‘काहीतरी जगतेय म्हणजे ठीक आहे’ ही.

स्वच्छ नदीला मैल्याचा नाला मिळाला की त्याच्याखाली ठरावीक क्रमाने जीव बदलत जातात. नाल्याच्या तोंडाशी दगडांवर करड्या-पांढऱ्या चिंधीसारखी जिवाणूंची वाढ दिसते. तिथे प्राण्यांत ट्युबिफेक्स असतात, आणि स्पर्धक व शत्रू दोन्ही नाहीसे झाल्याने ते प्रचंड संख्येने असतात. थोडे पुढे लाल अळ्या येतात. त्यानंतर जळवा, गोगलगाई आणि मेफ्लायमधले सोशिक बेटिडी कुळ दिसू लागते. आणि वाटेत दुसरा नाला मिळाला नाही तर काही अंतरावर कल्ल्यांवर जगणारी नाजूक मंडळी परततात. ती जर-तरची अट भारतीय शहरांतून वाहणाऱ्या नद्यांत क्वचितच पुरी होते.

हा क्रम पद्धतशीर मांडला तो बर्लिनच्या रिचर्ड कोल्कविट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन यांनी. १९०८ साली त्यांनी वनस्पतींची आणि १९०९ साली प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. कुजण्याची क्रिया किती जोरात चालू आहे यावर नदीचे चार पट्टे केले आणि कोणत्या पट्ट्यात कोण सापडते ते लिहिले. कल्पना मोठी होती, वापर अवघड. प्रत्येक जीव प्रजातीपर्यंत ओळखायचा म्हणजे प्रत्येक कार्यालयात तज्ज्ञ हवा, आणि मध्य युरोपच्या याद्या दुसरीकडे लागू पडत नाहीत.

त्यातून वाट काढली इंग्लंडने. ट्रेंट नदीच्या खोऱ्यात बर्मिंगहॅम आणि आसपासच्या कारखान्यांचे पाणी येते. तिथल्या नदी प्राधिकरणातल्या एफ. एस. वुडिविस यांनी १९६४ साली एक सुटसुटीत निर्देशांक मांडला. त्यात मोजके गट ओळखले की काम भागत होते. १९७६ साली ब्रिटनमध्ये जैविक देखरेखीसाठी कार्यगट नेमला गेला आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीएमडब्ल्यूपी म्हणून ओळखली जाणारी गुणपद्धती आली. तिने प्रजाती सोडून दिली आणि कुळावर काम भागवले. कुळाच्या सोसण्याच्या ताकदीप्रमाणे १ ते १० गुण दिले. जो जितका नाजूक, त्याला तितके जास्त गुण.

समजा, डोंगरातल्या एका ओढ्यात आठ कुळे सापडली: हेप्टाजेनिडी, लेप्टोफ्लेबिडी आणि पर्लिडी (प्रत्येकी १० गुण), गॉम्फिडी हे चतुरांचे कुळ (८), हायड्रोसायकिडी (५), एल्मिडी हे भुंगे (५), बेटिडी (४) आणि कायरोनोमिडी (२). बेरीज ५४. आता गावाखालच्या पट्ट्यात लिम्निडी आणि फायसिडी या गोगलगाई व ग्लॉसिफोनिडी या जळवा (प्रत्येकी ३), कायरोनोमिडी (२) आणि कृमी (१) एवढेच मिळाले. बेरीज १२. नुसत्या बेरजेत एक खोट आहे. जास्त वेळ जाळे मारणाऱ्याला जास्त कुळे मिळतात आणि गुण फुगतात. म्हणून बेरजेला कुळांच्या संख्येने भागतात. पहिल्या ठिकाणी सरासरी येते ६.७५ आणि दुसऱ्या ठिकाणी २.४. दहा किडे सापडले की हजार, याने गुणांत फरक पडत नाही. कूळ हजर आहे की नाही, एवढेच पाहायचे.

नमुना घेण्याची कृती साधी आहे. जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे करून ते तळाला टेकवून धरायचे आणि त्याच्या वरच्या बाजूला पायाने दगड-वाळू ढवळायची, म्हणजे सुटलेले जीव वाहत जाळ्यात येतात. ब्रिटिश पद्धतीत हे ढवळणे तीन मिनिटांचे असते. ते खळाळ, डोह, झुडपांखालचा काठ अशा सगळ्या जागांत वाटून करायचे आणि शिवाय एक मिनिट दगड उचलून हाताने शोधायचे. मग पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी ओतून निवडायला बसायचे. वेळखाऊ काम हे निवडण्याचे आहे आणि चुका होतात त्याही तिथेच.

यापुढचा प्रश्न अधिक खोल होता. सरासरी ५ आली, म्हणजे चांगली की वाईट? डोंगरातल्या दगडाळ ओढ्याला ५ म्हणजे नापास. मैदानातल्या गाळाच्या संथ नदीला तेवढेच गुण निसर्गतःच मिळत असतील. १९७७ पासून इंग्लंडमधल्या फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशनने जॉन राइट यांच्या पुढाकाराने यावर काम सुरू केले. देशभरातले कमीत कमी बिघडलेले पट्टे निवडले. प्रत्येकाची उंची, उतार, रुंदी, तळ, पाण्याचा कठीणपणा नोंदला आणि तिथले जीव मोजले. पुढच्या आवृत्तीत असे सहाशेहून अधिक संदर्भ पट्टे झाले. त्यावरून ‘रिव्हपॅक्स’ ही संगणकीय पद्धत सांगू लागली की अमुक उताराच्या, अमुक तळाच्या नदीत बिघाड नसता तर कोण सापडायला हवे होते. जे सापडले त्याला जे अपेक्षित होते त्याने भागायचे. उत्तर १ च्या जवळ असेल तर नदी निरोगी. या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कल्पना हीच म्हणावी लागेल, कारण नदीची तुलना तिने कुठल्यातरी आदर्श नदीशी न करता तिच्या स्वतःच्या निरोगी रूपाशी केली.

या देखरेखीचा उपयोग काय, हे केनेट नदीने दाखवले. दक्षिण इंग्लंडमधली ही चुनखडीच्या प्रदेशातली निर्मळ नदी. तिथे स्थानिक स्वयंसेवक नेमाने जाळे मारून ठरावीक गटांची गणती करतात. १ जुलै २०१३ रोजी मार्लबरो गावाच्या खाली त्यांना गॅमरस हे गोड्या पाण्यातले कोळंबीसारखे जीव मेलेले आढळले. तपासात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सापडले. गावातल्या कुठल्यातरी गटारातून ते मैलाशुद्धीकरण केंद्रात आणि तिथून नदीत गेले होते. सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातले कीटक आणि कवचधारी जीव मेले. एवढ्या नुकसानीला काही चमचेच कीटकनाशक पुरले असावे, असा अंदाज होता. पाणी स्वच्छ दिसत होते, माशांवर लगेच परिणाम नव्हता, आणि बीओडीच्या चाचणीत असले काही दिसतच नाही. जाळे घेऊन नदीत उतरणारे लोक नसते तर हे कळायलाच वेळ लागला असता.

जीव परततात तेव्हा तीही बातमी असते. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळच्या रसायन-गोदामाला आग लागली आणि विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाइनमध्ये गेली. ईल मासे लाखाहून अधिक संख्येने मेले. त्यानंतर काठच्या देशांनी नदी सुधारण्याचा कार्यक्रम जोरात घेतला. १९९१ साली एफोरॉन व्हर्गो ही मेफ्लाय ऱ्हाइनच्या नेदरलँड्समधल्या भागात कित्येक दशकांनी पुन्हा दिसली.

भारतात केंद्रीय मंडळाने नेदरलँड्सच्या सहकार्याने यमुनेवर प्रयोग केले आणि ब्रिटिश गुणांना भारतीय वळण देऊन जैविक जलगुणवत्तेचे निकष ठरवले. त्यात दोन आकडे असतात. पहिला ० ते १० मधला सरासरी गुण. दुसरा वैविध्याचा, ० ते १ मधला. तो काढायला प्राण्यांची नावेही माहीत असावी लागत नाहीत. पकडलेले जीव एका ओळीत ठेवायचे आणि प्रत्येकाची त्याच्या आधीच्याशी तुलना करायची. वेगळा निघाला की नवा गट सुरू. गटांच्या संख्येला एकूण जीवांच्या संख्येने भागायचे. सगळे एकाच जातीचे असतील तर आकडा शून्याजवळ जातो आणि प्रत्येक जण निराळा असेल तर एक होतो. दोन्ही आकड्यांवरून पाच वर्ग ठरतात. गुण ७ किंवा अधिक असतील तर स्वच्छ, ‘ए’ वर्ग, रंग निळा. पुढे फिकट निळा, मध्यम प्रदूषणाचा हिरवा, जास्त प्रदूषणाचा नारिंगी आणि गुण २ च्या आत गेले की लाल. गंगेवर मंडळाने ही तपासणी केली आहे. हिमालयीन नद्यांसाठी नेपाळमध्ये आणि पुढे हिंदुकुश-हिमालय प्रदेशासाठी स्वतंत्र गुणतक्तेही तयार झाले.

सह्याद्रीला उसना तक्ता जसाच्या तसा चालत नाही. युरोपात सर्वाधिक गुण मिळवून देणाऱ्या स्टोनफ्लायच्या फार थोड्या जाती इथे आहेत आणि त्याही मुख्यतः पर्लिडी कुळातल्या. पावसाळ्यातले लोंढे तळ धुऊन नेतात, म्हणून तेव्हाचा नमुना प्रदूषणापेक्षा पुराचीच हकिगत सांगेल. अनेक ओढे उन्हाळ्यात आटतात. तिथे किडे नसणे हा कुणाचा गुन्हा नाही. दख्खनच्या पठारावर नदी संथ होते, गाळ वाढतो आणि जीवही बदलतात. हे सगळे लक्षात घ्यायला स्थानिक ओळख-पुस्तके लागतात. के. ए. सुब्रमण्यन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांचे भारतीय जलकीटकांवरचे मार्गदर्शक २००७ साली बेंगळुरूच्या ‘एट्री’ संस्थेने काढले. त्यामुळे निदान कुळापर्यंतची ओळख अभ्यासू हौशी माणसाच्याही आवाक्यात आली. मराठीत असे पुस्तक हवे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. बिघाड झाला हे ती सांगते, कुणामुळे झाला हे बहुधा सांगत नाही. मैला, कीटकनाशक आणि खाणीचा गाळ यांचे परिणाम काही प्रमाणात वेगळे ओळखता येतात, तरी शेवटी रसायनतज्ज्ञाला बोलवावेच लागते. रोगजंतूंबद्दल तर ती मुकीच आहे. चांगले गुण मिळवणाऱ्या ओढ्याचे पाणी न उकळता प्यावे, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. आणि अगदी तळाला गेलेल्या नदीत ती बोथट होते. पुण्याची मुठा घ्या. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही धरणे वर आहेत. पावसाळा सोडला तर खडकवासल्याच्या खाली पात्रात धरणाचे पाणी जेमतेम असते. आंबिल ओढा, नागझरी यांसारखे प्रवाह शहराचे सांडपाणी घेऊन येतात. अशा पात्रात किडे मोजून नवे काही कळायचे नाही. नाक पुरेसे आहे.

या पद्धतीची खरी ताकद दुसऱ्या टोकाला आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. ही यादी बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की नाव घालते. जो ओढा अजून ३ च्या आत आहे, पण ज्याच्या काठी नवी फार्महाउसे आली, वर डोंगर फोडला गेला, शेतातली फवारणी वाढली, तो या यादीत येत नाही. तिथे हेप्टाजेनिडी आणि पर्लिडी निघून गेलेले असतात आणि बीओडी अजून ‘बरा’ म्हणत असतो. घसरण सुरू होते तेव्हाच ती दाखवणारे हे साधन आपण नदी मेल्यावरही फारसे वापरत नाही, हे अजब आहे.

रिव्हपॅक्सला सहाशे निरोगी पट्टे मिळाले म्हणून ती पद्धत उभी राहिली. महाराष्ट्रात असे पट्टे आज मुख्यतः सह्याद्रीच्या माथ्यालगत, कोयना, चांदोली, भीमाशंकरसारख्या संरक्षित जंगलांच्या आसऱ्याने उरले आहेत. त्यांची कुळवार नोंद आधी झाली पाहिजे, कारण खालच्या नद्या कधीकाळी सुधारायला घेतल्या तर कुठवर सुधारायच्या, हे त्या नोंदीशिवाय ठरवता येणार नाही. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जाळे, पांढरा ट्रे, भिंग आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी एवढे पुरते, आणि हे सारे जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांत आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने विद्यापीठांना हाताशी धरून हे काम सुरू करावे आणि प्रत्येक नदीच्या तक्त्यात बीओडीशेजारी जैविक वर्गाचा रकाना छापावा.